बुंधा वर, शेंडा खाली

“हा खांब उलटा आहे,” मी शिडीवरून म्हणालो.

खाली शिडी धरून उभ्या असलेल्या मॅरेडिथ व्हॉन यांनी मान वर केली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा उंच, वाळका माणूस. घरातही टोपी घालायचे, कारण छप्पर तीन ठिकाणी गळत होतं.

“उलटा म्हणजे?”

“डोक्यावर उभा. झाडाचा बुंधा वर गेलाय आणि शेंडा खाली आलाय. या गाठी बघा. फांदी झाडातून निघते ती आभाळाकडे जाते, म्हणून लाकडातली गाठही आभाळाकडे बघते. इथे सगळ्या गाठी जमिनीकडे बघतायत.”

त्यांनी खांबावर हात ठेवला. हातभर जाडीचा ओकचा खांब, पाचशे वर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. “आणि दुसरा?”

मी शिडी हलवून समोरचा खांब पाहिला. “तोही उलटाच.”

एक खांब उलटा निघाला तर त्याला चूक म्हणता येतं. दोन्ही निघाले, तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. पण मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, सुताराच्या पोटी जन्मलेला आणि वर विलायतेत वास्तुकलेची पदवी घेतलेला. म्हणजे आधीच मर्कट आणि त्यात मद्य प्यायलेलं.

१९८३ सालचा जुलै होता. उत्तर वेल्समधल्या एका अरुंद खोऱ्यात प्लास ब्रिनेरा नावाचं ते घर होतं. प्लास म्हणजे जमीनदाराचं मोठं घर आणि ब्रिनेरा म्हणजे बर्फाची टेकडी. मी जुन्या इमारतींची नोंद ठेवणाऱ्या एका कचेरीत नोकरीला होतो. घरामागच्या डोंगरात दगडाची खाण होती आणि खाणवाल्यांना आता पुढे सरकायचं होतं. घर जतनाच्या यादीत वरच्या दर्जात बसलं तर खाण थांबणार होती, नाही बसलं तर घर पाडायला परवानगी मिळणार होती. सगळं अडलं होतं एका प्रश्नावर: घराच्या पोटात असलेला मोठा हॉल खरोखर १४८० च्या सुमाराचा आणि मूळ जागेवरचा आहे, की नंतर कुणी कुठूनतरी जुनं लाकूड आणून उभा केलाय? हे सांगण्यासाठी माझ्याकडे चार दिवस होते.

व्हॉन एकटेच राहत होते. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ युद्धात गेला होता. पहिल्याच दिवशी चहा ओतताना त्यांनी विचारलं होतं, “तुमच्या नावातलं सुतार म्हणजे काय?”

“लाकूडकाम करणारा. आमच्याकडे धंद्यावरून आडनावं पडतात.”

“आमच्याकडेही!” म्हातारा खूश झाला. “दूधवाला जोन्स, टपालवाला इव्हान्स. सुताराला आमच्या भाषेत सायर म्हणतात. म्हणजे तू परश सायर झालास.”

माझं नाव परशराम. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, पण त्या घटकेपासून त्यांचं बोलणं मला ‘तू’ असंच ऐकू यायला लागलं.

“मग तुम्ही कोण?”

“मी मॅरेडिथ प्लास. आमच्यात मोठ्या घराचं नाव माणसाला चिकटतं. व्हॉन हे फक्त सरकारी कागदावर.” मग म्हणाले, “बरं झालं सायर आला. कागदवाला आला असता तर मला धास्ती वाटली असती. सायर लाकडाबद्दल खोटं बोलत नाही.”

चार दिवस त्यांनी मला घर दाखवलं. दाखवलं म्हणजे कसं, एखादं लग्नाचं स्थळ दाखवावं तसं, पडक्या बाजूकडे पाठ करून. मधला हॉल सगळ्यात जुना. पूर्वी त्याच्या मधोमध जमिनीवर जाळ पेटायचा, धुराडं नव्हतं, धूर छपरातून वाट काढायचा. माळ्याच्या झडपेतून डोकं घातलं की वरचे वासे अजून काजळीने काळेभोर दिसायचे. एका टोकाला यजमानाचा उंच चौथरा, दुसऱ्या टोकाला दार, आणि दारातला वारा अडवायला हे दोन खांब. याच खांबांच्या आत उभं राहून भाट यजमानाची आणि त्याच्या घराची स्तुती गायचे. पुढे एका पणजोबाने धुराडं बांधलं, त्याच्या नातवाने वर मजला चढवला. एका हौशी बाईने समोरून दगडी भिंत आणि मोठ्या खिडक्या लावून घर इंग्रजी करायचा प्रयत्न केला. व्हॉनच्या आजोबांनी हॉलच्या माथ्यावर लाकडी तक्तपोशी ठोकली. त्यामुळे खांब दिसत, पण खांब आणि तुळई जिथे मिळतात ते सांधे तक्तपोशीच्या वर लपले होते, माळ्याच्या झडपेतूनही दिसत नसत.

“पंधरा पिढ्या इथे चौथऱ्यावर बसल्या,” व्हॉन म्हणायचे. “मी सोळावा, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर.”

आणि आता मी शिडीवरून उतरत त्यांना सांगत होतो की खांब उलटे आहेत.

“त्याने काय होतं?” त्यांनी विचारलं.

“मूळ कारागिराने असं केलं नसतं. कुठलाच सुतार झाड डोक्यावर उभं करत नाही. हे खांब दुसरीकडून सोडवून आणलेत आणि ज्याने बसवले त्याला वरखाली कळलं नाही. शिवाय या खांबाखालचा दगडही नवा दिसतोय.”

“तो माझ्या वडिलांनी बदलला. बूड कुजलं होतं.” ते खाली वाकून दगडाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “आजोबांकडे एक म्हातारा सायर होता. तो म्हणायचा, झाड पायांनी टांगावं, म्हणजे त्याला पाणी चढत नाही.”

मी हसलो. दुखावलेल्या माणसाची सारवासारव वाटली ती मला.

“सायर, दोन फळ्या काढू का वरच्या? सांधा बघून घे.”

त्यांनी कोपऱ्यातून पहारही आणली होती. मी घड्याळात पाहिलं. बस सव्वाचारला होती. आणि मनात म्हण तयार होती, हातच्या काकणाला आरसा कशाला?

“गरज नाही,” मी म्हणालो.

त्यांनी पहार होती तिथे परत ठेवली.

माझी खात्री कुठून आली होती ते सांगायला हवं. कोयनेचं धरण भरलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आमचं सावरघळ गाव पाण्याखाली जाणार होतं आणि माणसं घरं मोडून लाकूड सोबत नेत होती. माझ्या वडिलांनी, आबांनी, गावातली बावीस घरं सोडवली. प्रत्येक लाकडावर ते गेरूने खूण करत, कुठलं कुठे लागायचं त्याची. सगळ्यात शेवटी स्वतःचं घर सोडवलं. ट्रकमध्ये लाकडाला लाकूड घासलं आणि बऱ्याच खुणा पुसल्या. सांगलीकडच्या उघड्या माळावर पावसाच्या आत घर उभं करायचं होतं. आबांनी रात्रंदिवस एक करून ते उभं केलं, आणि छप्पर चढल्यावर ओसरीच्या एका खांबाकडे त्यांची नजर गेली. गाठी खाली बघत होत्या.

“दिवाळी झाली की फिरवतो,” आबा म्हणाले.

दिवाळीच्या आधी, भाद्रपदात, आई तापाने गेली. माळावरच्या बायका ओसरीवर बसून हलक्या आवाजात बोलायच्या. आबा सुतार, सुताराच्याच घरात खांब डोक्यावर, घराने बाई खाल्ली. आबांनी ते ऐकलं. खांब त्यांनी फिरवला नाही. आता फिरवून कुणासाठी, असं एकदा म्हणाले. त्यानंतर त्यांनी आयुष्यात दुसऱ्या कुणाचं घर उभं केलं नाही. दारं केली, पेट्या केल्या, शाळेचे बाक केले. पण मला मात्र प्रत्येक लाकडाच्या गाठी वाचायला शिकवलं. ती शिकवण होती की प्रायश्चित्त, कुणास ठाऊक.

तर माझ्या लेखी उलटा खांब म्हणजे मोडलेलं घर. मोडून, वाहून, घाईत पुन्हा उभं केलेलं. दुसरा काही अर्थ असू शकतो हे माझ्या मनाला शिवलंच नाही.

आमच्या कचेरीतले साहेब मिस्टर प्रॉसर भला माणूस. जुनी खरेदीखतं वाचण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता, पण लाकूड त्यांना अजिबात कळत नसे. माझा अहवाल वाचून त्यांनी चष्मा काढला.

“सुतार, तुझी खात्री आहे? या एका वाक्यावर ते घर जाईल.”

“माझे वडील सुतार आहेत, सर. त्यांचे वडीलही.”

“सांधे पाहिलेस?”

“तक्तपोशीने झाकलेत. पण गरज नव्हती.”

त्यांनी सही केली. लाकडातलं कळतं म्हणूनच तर त्यांनी मला नोकरीवर घेतलं होतं.

हिवाळा संपेपर्यंत निकाल लागला. घर खालच्या दर्जात गेलं आणि खाणवाल्यांना परवानगी मिळाली. मार्चमध्ये पाडकाम सुरू झाल्याचं कळलं तेव्हा मी रजा काढून गेलो. का गेलो? मला वाटत होतं, म्हाताऱ्याला धीर द्यावा. खोट्या अभिमानापेक्षा सत्य बरं, असलं काहीतरी बोलायचं मी बसमध्ये जुळवत होतो.

व्हॉन अंगणात स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसले होते. टोपी तीच. समोरची दगडी भिंत उतरवून झाली होती आणि हॉल पाचशे वर्षांत पहिल्यांदा उघड्यावर आला होता. जुनं लाकूड विकत घेणाऱ्या एका माणसाने दोरखंड लावून खांब अलगद उतरवून घेतले होते. गवतावर ते आडवे पडले होते.

“ये सायर,” व्हॉन म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “आता तक्तपोशी नाही. सांधा बघायचा तर बघ.”

मी खांबाच्या वरच्या टोकाशी जाऊन बसलो. बुंध्याकडचं ते टोक एखाद्या रुंद खांद्यासारखं पसरलं होतं, आणि त्या रुंदीत तीन वेगवेगळी लाकडं येऊन बसतील अशा तीन खाचा होत्या. भिंतीवरची आडवी तुळई, तिच्यावर काटकोनात जाणारी मोठी तुळई आणि आधाराचा तिरका हात. शेंड्याकडच्या बारीक टोकात या तीन खाचा मावल्याच नसत्या. ज्याने हे झाड उलटं उभं केलं त्याला वरखाली पुरतं कळत होतं. तो रुंद खांदा मिळावा म्हणूनच त्याने ते उलटं केलं होतं.

“आता भोकं मोज,” व्हॉन म्हणाले.

मला कळलं ते काय म्हणतायत. लाकडी घराचे सांधे खुंट्यांनी आवळलेले असतात. घर एकदा सोडवलं आणि पुन्हा बांधलं की जुनं भोक समोरासमोर येत नाही. नवं भोक पाडावं लागतं आणि जुनं शेजारी रिकामं राहतं. हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. माळावरच्या आमच्या घरात प्रत्येक सांध्यावर दोन-दोन भोकं होती. लहानपणी मी त्यांत बोटं घालून खेळलो होतो.

मी मोजली. पहिल्या खांबाला सहा खुंट्या, सहा भोकं. दुसऱ्याला सहा खुंट्या, सहा भोकं. एकही जास्तीचं नाही. हे खांब एकदाच उभे राहिले होते आणि आता पहिल्यांदा उतरले होते.

व्हॉन खुर्चीवरून उठले नाहीत.

“पंधरा पिढ्या,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं तू फळ्या काढू देशील.”

मला रडू फुटलं. त्या माणसासमोर रडण्याचाही मला हक्क नव्हता, पण फुटलं. ते उठले, खांबातली एक सैल झालेली खुंटी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. ओकची, वीतभर लांब, चाकूने तासलेली. पाचशे वर्षांपूर्वीच्या चाकूचे पैलू तिच्यावर दिसत होते.

“एक भोक, एक खुंटी. ठेव तुझ्याजवळ. पुढचं घर बघायला जाशील तेव्हा खिशात असू दे.”

मी परत येऊन प्रॉसरसाहेबांना सगळं सांगितलं आणि चुकीची दुरुस्ती लिहून दिली. ती दप्तरात लागली. कागदावर प्लास ब्रिनेराचा हॉल आज १४८० च्या सुमाराचा, मूळ जागेवरचा आणि अत्यंत महत्त्वाचा आहे. त्या जागेवर खाणीचा खड्डा आहे. त्यानंतर मी जितकी जुनी घरं पाहिली त्यांतल्या कित्येकांत खांब बुंधा वर करून उभे होते. तिकडच्या सुतारांची ती सरसकट रीत होती. शेजारच्या खोऱ्यात कुणालाही विचारलं असतं तर कळलं असतं.

दोन वर्षांनी मी गावी आलो. आबा थकले होते आणि दृष्टी जवळजवळ गेली होती. संध्याकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो, ते त्याच खांबाला टेकून. तो खांब सोडून ते कधी दुसरीकडे बसलेले मला आठवत नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. माझी चूक कुणालातरी सांगितल्याशिवाय मला झोप लागत नव्हती, आणि ती समजेल असा दुसरा माणूस मला ठाऊक नव्हता.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, “समदे खांब उलटं?”

“बहुतेक घरांत, आबा. वर रुंदी मिळावी म्हणून. जाणूनबुजून.”

“आन् मानसं ऱ्हात्यात त्या घरांत?”

“पाचशे वर्षं राहिली. लग्नं झाली, पोरं झाली. गाणी व्हायची त्याच खांबांपाशी.”

“कुनाची बाई गेली न्हाई त्यापायी?”

मी त्यांच्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं हा माणूस त्या खांबाला टेकून बसत होता, आणि हा प्रश्न त्याने कुणाला विचारायचा होता?

“नाही, आबा. त्यापायी कुणी जात नाही. आई तापाने गेली.”

त्यांनी मागे हात नेला आणि खांबावरच्या गाठी चाचपल्या, एक-एक करून. मग सांध्यापाशी बोटं नेली, जिथे दोन भोकं आहेत, एक भरलेलं आणि एक रिकामं. त्यांचा हात तिथेच राहिला.

“म्या खाल्ली न्हाई तिला,” ते म्हणाले. एवढंच म्हणाले आणि उपरणं तोंडाला लावलं. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

अंधार पडायला लागल्यावर मी खिशातून ती खुंटी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी तिचे पैलू मोजले, नाकाशी नेऊन वास घेतला.

“चांगला गडी व्हता,” ते म्हणाले. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या सुताराबद्दल.

“आपल्या रिकाम्या भोकात घालून बघू?” मी म्हणालो. “थोडी तासली तर बसेल.”

“न्हाई.” आबांनी खुंटी मुठीत धरली. “ती तासायची न्हाई. ती त्येंच्या घरची हाय.” मग म्हणाले, “त्यो म्हातारा हाय का अजून?”

“आहे. पुतणीकडे राहतो, त्याच खोऱ्यात.”

“त्येचं घर तुझ्यापायी गेलं.”

“हो.”

“आन् त्येच्या घरानं माझ्या घराचा डाग धुऊन काढला. हे त्येला ठावं हाय का?”

“नाही, आबा.”

“मग लिव त्येला. माझ्या नावानं लिव. म्हनावं, सावरघळचा मारुती सुतार तुला हात जोडतो.”

मी आत जाऊन कागद आणला आणि कंदिलाशी बसून लिहायला घेतलं. आबा सांगत होते, मी इंग्रजीत करत होतो. खांबाचं लिहिलं, आईचं लिहिलं, माझ्या चुकीचं आबांनी सांगितलं तेवढंच लिहिलं. शेवटी पाकिटावर पत्ता घालायची वेळ आली. पुतणीच्या घराचा नंबर मला माहीत नव्हता.

“काय झालं?” आबांनी विचारलं.

“पत्ता नाही.”

“घराचं नाव घाल की.”

“ते घर नाही आता, आबा.”

“त्येला काय नावानं वळखत्यात?”

मी पाकिटावर लिहिलं, मॅरेडिथ प्लास, आणि खाली खोऱ्याचं नाव. तेवढ्याच पत्त्यावर पत्र पोचलं; दीड महिन्याने उत्तर आलं.